सहा कार्बन, दोन नायट्रोजन, एक ऑक्सिजन

पॅथॉलॉजी लॅबमध्ये बायॉप्सीचा तुकडा मेणात बसवतात, त्याचे तीन-चार मायक्रॉनचे काप काढतात आणि काचेच्या स्लाइडवर घेतात हे बऱ्याच जणांना माहीत असेल. पण त्या कापाचं पुढे काय काय होतं ते बघितलं तर वाटतं हा काचेवर टिकतो तरी कसा, कारण मेण विरघळवायचं, मग गरम बफरमध्ये (ठरावीक पीएच राखणाऱ्या द्रावणात) उकळायचं, मग अँटिबॉडी, मग धुणं, परत अँटिबॉडी, परत धुणं, आणि एवढ्या सगळ्यात तो काप सुटून वाहून गेला तर पेशंटचं निदान अडतं. म्हणून साध्या काचेऐवजी कोटिंग केलेल्या स्लाइड वापरतात आणि त्यातलं एक जुनं, भरवशाचं कोटिंग म्हणजे पॉलि-एल-लायसिन. १९७५ मध्ये मेझिया, शॅटन आणि सेल यांनी पेशी काचेवर चिकटवायला हे कसं वापरायचं ते व्यवस्थित लिहून ठेवलं आणि तेव्हापासून ते जगभरच्या लॅबमध्ये आहे, चेतापेशी वाढवणाऱ्यांच्या डिशमध्ये तर हमखास.

ही गोष्ट रसायनाच्या बाजूने बघितली तर फारच साधी आहे. लायसिन हे एक अमिनो आम्ल, त्याची एकाला एक जोडत केलेली लांब साखळी, बस. प्रथिनात वीस प्रकारची अमिनो आम्लं ठरावीक क्रमाने येतात, इथे एकच पुन्हा पुन्हा. अशा साखळ्या बनवायची वाट १९०६ मध्ये हर्मन लॉइक्स या रसायनशास्त्रज्ञाने शोधलेल्या, अमिनो आम्लांपासून बनणाऱ्या अनहायड्राइड संयुगांमुळे उघडली आणि १९४० च्या दशकात एफ्राइम काचाल्स्कींनी त्या वाटेने पॉलिलायसिन बनवलं. प्रथिन समजून घ्यायला आधी सोपं मॉडेल हवं, हा त्यांचा विचार. (हेच काचाल्स्की पुढे आडनाव बदलून काटझिर झाले आणि १९७३ ते ७८ इस्राएलचे राष्ट्राध्यक्ष होते, पॉलिमर केमिस्ट राष्ट्राध्यक्ष झाल्याचं मला दुसरं उदाहरण आठवत नाही!) सोप्या मॉडेलचा हा विचार मला फार आवडतो, कारण मी ज्या मशीनवर काम करते तिथे त्याची किंमत रोज कळते.

मशीन म्हणजे एक्सपीएस, एक्स-रे फोटोइलेक्ट्रॉन स्पेक्ट्रोस्कोपी. आमच्याकडे सॅम्पल घेऊन येणाऱ्यांत निम्मे बॅटरीवाले, बाकी कॅटॅलिस्टवाले, कोटिंगवाले आणि अधूनमधून बायोलॉजीची मुलं. त्यातलीच एक पीएचडीची मुलगी मध्यंतरी स्लाइडचा डबा घेऊन आली आणि म्हणाली, "मॅडम, काचेवर पॉलिलायसिन बसलंय की नाही एवढंच सांगा, बाकी काही नको." या "एवढंच"ला उत्तर द्यायचं तर किती काय काय नीट करावं लागतं ते लिहावंसं वाटलं, कारण डोळ्यांना कोटिंगवाली काच आणि नुसती काच अगदी सारखी दिसते, मायक्रोस्कोपखाली ठेवली तरी सारखीच, तो थर असतो एक-दोन नॅनोमीटरचा.

एक्सपीएसचं मूळ तत्त्व एका ओळीत मावतं. ठरावीक ऊर्जेचे एक्स-रे पृष्ठभागावर मारायचे, त्यामुळे अणूच्या आतल्या कक्षेतले इलेक्ट्रॉन बाहेर उडतात, ते किती वेगाने आले ते मोजायचं आणि वजाबाकी करायची. आइनस्टाइनने १९०५ मध्ये फोटोइलेक्ट्रिक परिणामाचा जो हिशेब मांडला तोच. अॅल्युमिनियमचा एक्स-रे १४८६.६ इलेक्ट्रॉन व्होल्टचा, बाहेर आलेला इलेक्ट्रॉन समजा १२०१ चा, तर तो सुटण्याआधी सुमारे २८५ ने बांधलेला होता, म्हणजे कार्बन. नायट्रोजन ४०० च्या आसपास, ऑक्सिजन ५३२ च्या आसपास, प्रत्येक मूलद्रव्याची जागा ठरलेली. फक्त हायड्रोजन आणि हेलियम दिसत नाहीत.

पण निव्वळ मूलद्रव्य ओळखण्यावर थांबलं असतं तर या तंत्राला एवढी किंमत आली नसती. स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठात काय सीगबान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० च्या दशकात इतके बारीक मोजमाप करणारे स्पेक्ट्रोमीटर बनवले की तांबं आणि तांब्याचं ऑक्साइड यांच्या रेषा वेगळ्या जागी पडतात हे त्यांना दिसलं. मग १९६४ मध्ये सोडियम थायोसल्फेटवरचा प्रयोग आला. हे थायोसल्फेट म्हणजे जुन्या फोटो स्टुडिओच्या डार्करूममधला हायपो. त्याच्या एका आयनात गंधकाचे दोन अणू, एक मधोमध ऑक्सिजननी वेढलेला आणि दुसरा बाहेरच्या टोकाला. स्पेक्ट्रममध्ये, म्हणजे कुठल्या ऊर्जेचे किती इलेक्ट्रॉन आले त्या आलेखात, गंधकाचे दोन वेगळे पीक (उंचवटे) आले, जवळपास सहा इलेक्ट्रॉन व्होल्टच्या अंतरावर. म्हणजे अणू तोच, पण त्याचा शेजारी कोण आहे त्यावरून त्याची जागा सरकते! इलेक्ट्रॉन ओढून घेणारा शेजारी असला की उरलेले इलेक्ट्रॉन जास्त घट्ट बांधले जातात. सीगबानना १९८१ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, वडील मान्ने सीगबान यांना १९२४ चं एक्स-रे स्पेक्ट्रोस्कोपीसाठीच मिळालं होतं. नोबेलच्या बातमीपेक्षा मला ते हायपोचे दोन पीक जास्त मोठे वाटतात, कारण आज मी पॉलिलायसिनचा कार्बन बघते तेव्हा त्याच आधारावर बघते.

आता हे फक्त पृष्ठभागाचंच मोजमाप का? एक्स-रे तर आत खोलवर जातात, मायक्रॉनच्या मायक्रॉन. पण आतून निघालेल्या इलेक्ट्रॉनला बाहेर यायचं म्हणजे गर्दीच्या लोकलमधून उतरण्यासारखं आहे, दारात उभा असलेला खिसापाकीट जसंच्या तसं घेऊन उतरतो आणि आत अडकलेला धक्के खात काहीतरी गमावूनच बाहेर पडतो, किंवा उतरतच नाही. धक्के खाल्लेले इलेक्ट्रॉन पीकच्या मागे उतरती टेकडी बनवतात ज्याला आम्ही बॅकग्राउंड म्हणतो, आणि मूळची ऊर्जा जशीच्या तशी घेऊन येणारे इलेक्ट्रॉन असतात ते वरच्या साधारण दहा नॅनोमीटरमधलेच. सेंद्रिय पदार्थात या ऊर्जेचा इलेक्ट्रॉन सरासरी तीन-साडेतीन नॅनोमीटर जातो आणि कुठेतरी आपटतो. मिलिमीटरभर जाडीच्या स्लाइडमधलं आपल्याला दिसतं ते एवढंच, पण पेशीच्या तुकड्याला तरी काचेत काय दिसतं? त्याचा संबंधही याच वरच्या काही अणूंशी.

म्हणून सॅम्पल लावताना हात फार सांभाळावे लागतात. त्या मुलीची स्लाइड होल्डरपेक्षा मोठी होती, तर मागच्या बाजूने डायमंड पेनने ओरखडा काढून साधारण सेंटिमीटरभराचा तुकडा तोडला, नंबरही मागेच कोरला, वरून नायट्रोजनचा फवारा मारून काचेचा चुरा उडवला. नायट्राइल ग्लोव्ह्ज होते तरी बोट लावायचं नाही, चिमट्याने कडेला पकडायचं, कारण एका बोटाच्या ठशात जेवढं तेल असतं ते या मशीनसाठी डोंगराएवढं. सिलिकॉन ग्रीसचं तर नावही काढू नये, प्लॅस्टिकच्या साध्या डबीतूनही ते पसरतं आणि मग सिलिकॉनचा पीक काचेचा की ग्रीसचा याची पंचाईत. मग लोड-लॉकमध्ये (मुख्य चेंबरच्या आधीच्या छोट्या कप्प्यात) ठेवायचं, पंप चालू, आणि वाट बघायची. मुख्य चेंबर १० चा उणे नववा घात मिलिबारच्या आसपास असतं. एवढी पोकळी कशाला, तर इलेक्ट्रॉनला डिटेक्टरपर्यंत कोणाला न आपटता पोचायचं असतं हे एक, आणि दुसरं म्हणजे पोकळी त्याच्या हजारपट वाईट असेल तर हवेतले रेणू साधारण सेकंदाभरात एक अख्खा थर बनवतात.

हवेतून आलेल्या सॅम्पलवर मात्र तो थर आधीच बसलेला असतो, हायड्रोकार्बनचा, कुठलंही सॅम्पल आणा, सोनं आणा, काच आणा, कार्बन दिसणारच. आणि इथेच पॉलिलायसिन मला शिक्षकासारखं वाटतं. साखळीतलं एक घर घेतलं, हायड्रोजन सोडून दिला, तर त्यात सहा कार्बन, दोन नायट्रोजन, एक ऑक्सिजन. टक्केवारीत ६६.७, २२.२ आणि ११.१. हे मोजायच्या आधीच माहीत आहे, कागदावर, कुणालाही विचारायला जावं लागत नाही. खऱ्या प्रथिनाचं, समजा रक्तातल्या अल्ब्युमिनचं, घेतलं तर पाचशेच्या वर अमिनो आम्लांची बेरीज, त्यात चूक कुठली आणि घाण कुठली हे ओळखणं जिकिरीचं. पॉलिलायसिनमध्ये नायट्रोजन आणि कार्बनचं गुणोत्तर एकास तीन, कमी आलं की वर दुसरा कार्बन बसलाय, ऑक्सिजन जास्त आला की पाणी, ऑक्साइड किंवा खालची काच. अर्थात आकडे काढताना प्रत्येक मूलद्रव्याची संवेदनशीलता, म्हणजे तेवढ्याच अणूंमागे त्याचा पीक किती मोठा येतो ते, धरावीच लागते, स्कोफील्डने १९७६ मध्ये गणिताने काढून दिलेल्या आकड्यांप्रमाणे कार्बन १ धरला तर नायट्रोजन १.८ आणि ऑक्सिजन २.९३, नुसती पीकची क्षेत्रफळं बघून ऑक्सिजन केवढा दिसतोय म्हणून घाबरायचं नाही.

म्हणूनच तिला म्हटलं, काच राहू दे बाजूला, आधी बाटलीतली पावडर विरघळवून सिलिकॉनच्या तुकड्यावर जाडसर थर वाळव, तो बघू. तिला वाटलं मी वेळ घालवतेय. पण ज्याचं उत्तर आधी माहीत आहे ते आधी मोजलं नाही तर ज्याचं माहीत नाही त्यावर विश्वास कशाच्या जोरावर ठेवायचा?

त्या जाड थराचा कार्बन स्क्रीनवर उमटताना मी तिला खुर्चीवर बसवून बघायला लावलं. एकच डोंगर, पण सममित नाही. मुख्य टोक २८५ ला, डाव्या बाजूला उतार जरा फुगलेला आणि मग २८८ च्या जवळ स्पष्ट खांदा, वेगळाच पीक म्हणावा असा. (आम्ही ऊर्जा उजवीकडून डावीकडे वाढत नेतो, नवीन माणसाला हे पहिल्यांदा उलटं वाटतं.) तो खांदा म्हणजे अमाइडचा कार्बन, एका बाजूला ऑक्सिजन दुहेरी बंधाने आणि दुसऱ्या बाजूला नायट्रोजन, दोघंही ओढणारे. पेप्टाइड बंध म्हणतात तो हाच. कॉलेजच्या पुस्तकात वाचलेला पेप्टाइड बंध असा समोर उमटताना बघणं, मला अजूनही त्याचं कौतुक वाटतं, आणि ती मुलगीही खुर्ची पुढे ओढून बघत राहिली.

मग हिशेब. सहा कार्बनांपैकी एक अमाइडचा, २८८ च्या किंचित वर. दोन कार्बन एकेका नायट्रोजनला जोडलेले, एक साखळीच्या पाठकण्यात आणि एक बाजूच्या शेपटीच्या टोकाला, ते २८६ च्या थोडं पुढे. उरलेले तीन शेपटीतले साधे कार्बन, २८५ ला. म्हणजे तीनास दोनास एक. त्या फुगलेल्या डोंगराखाली तीनच पीक बसवायचे, रुंदी सारखी ठेवायची, आणि क्षेत्रफळं तीन-दोन-एकच्या जवळ येतात का बघायचं. इथे मला जरा मन मोकळं करायचंय. सॉफ्टवेअर कुठल्याही डोंगराखाली पाच, सहा, हवे तेवढे पीक सुंदर बसवून देतं, रेष अगदी तंतोतंत जुळते, आणि असे रंगीबेरंगी फिट पेपरांमध्ये सर्रास छापून येतात ज्यात एखाद्या पीकची रुंदी शेजारच्याच्या दुप्पट असते आणि कार्बनच्या एका प्रकाराला नायट्रोजनमध्ये कुठे जोडीदारच नसतो. जुळलेली रेष हा पुरावा नाही. आधी रेणू काढा, त्यात किती प्रकारचे कार्बन आहेत ते मोजा, मगच माउसला हात लावा. सत्तरच्या दशकात इंग्लंडमधल्या डरहॅमला डेव्हिड क्लार्कच्या गटाने सुटी अमिनो आम्लं, त्यांच्या जोड्या म्हणजे डायपेप्टाइडं आणि लांब साखळ्या म्हणजे पॉलिपेप्टाइडं अशी चढत्या क्रमाने मोजली होती, साध्यापासून सुरुवात करून, आणि तेव्हाच्या मशीनची बारकाई आजच्याइतकी नसतानाही ते काम आजही वाचावंसं वाटतं ते या शिस्तीमुळे.

शून्य कुठे धरायचा हाही एक कटकटीचा भाग आहे. पॉलिपेप्टाइड वीज वाहून नेत नाही, इलेक्ट्रॉन उडून गेले की पृष्ठभाग धन होतो आणि सगळा स्पेक्ट्रम सरकतो, म्हणून कमी ऊर्जेचे इलेक्ट्रॉन वरून शिंपडत राहावे लागतात आणि तरी थोडंफार सरकतंच. सोपा उपाय म्हणून सगळे हवेतल्या घाणेरड्या कार्बनला २८४.८ किंवा २८५ धरतात आणि बाकी त्यावरून मोजतात, ज्यावर अलीकडे ग्रेचिन्स्की आणि हुल्टमन या संशोधकांनी बरीच कडक आणि मला पटणारी टीका केली आहे. पॉलिलायसिनमध्ये निदान शेपटीतले तीन साधे कार्बन रेणूचे स्वतःचे आहेत, त्यांचा आधार घेता येतो. पण पॉलिग्लायसिन घ्या. ग्लायसिनला शेपटीच नाही, त्यात दोनच कार्बन, एक अमाइडचा आणि एक नायट्रोजनशेजारचा. २८५ ला त्याचं काहीच नाही! तिथे २८५ ला जे दिसेल ते शंभर टक्के बाहेरून आलेलं, आणि त्यावर सगळं मोजमाप टांगायचं म्हणजे परक्याच्या घड्याळावर आपली वेळ लावणं. तिथे अमाइडचाच पीक धरावा हे बरं.

नायट्रोजनने मात्र त्या दिवशी सगळ्यात जास्त सांगितलं. दोन नायट्रोजन, एक अमाइडमधला ४०० ला, दुसरा शेपटीच्या टोकाचा अमाइन. अमाइनला प्रोटॉन चिकटलेला असेल, म्हणजे तो धन असेल, तर तो ४०१.५ च्या आसपास जातो आणि नसेल तर ४०० च्याही थोडा खाली. काचेला चिकटणं, पेशीला धरून ठेवणं, हे सगळं त्या धन प्रभारावर चाललेलं. आणि बाटलीवर लिहिलेलं असतं हायड्रोब्रोमाइड, म्हणजे प्रत्येक धन अमाइनमागे एक ब्रोमाइड आयन. म्हणून जाड थरात ६८ च्या आसपास ब्रोमिनचा पीकही उभा होता. मग काचेवरचा तुकडा आत घेतला, जो तिने बुडवून पाण्याने नीट धुतला होता. सिलिकॉन, सोडियम, कॅल्शियम, ऑक्सिजनचा मोठा पीक, हे सगळं काचेचं. नायट्रोजन काही टक्केच पण स्पष्ट, आणि त्यात ४०१.५ चा खांदा. ब्रोमिनच्या जागी सपाट रेष.

ती म्हणाली, "म्हणजे धुताना निघून गेलं?"

ब्रोमाइड गेलं, साखळी राहिली. पाण्यात काचेचा पृष्ठभाग ऋण असतो, साखळीतले धन अमाइन काचेच्या ऋण जागांना जाऊन बसले की ब्रोमाइडची गरज संपते, ते पाण्याबरोबर जातं, आणि हे आयन मोकळे होणं हेच या चिकटण्यामागचं मोठं कारण आहे. साखळी नुसती वर वाळून बसली असती तर ब्रोमाइड तिच्यासोबत दिसलं असतं. त्या सपाट रेषेइतका चांगला पुरावा मला तरी मिळाला नसता. तरी नुसती काच, तशीच स्वच्छ केलेली, नुसत्या पाण्यात तेवढाच वेळ बुडवलेली, तीही मोजायलाच हवी कारण हवेतूनही थोडा नायट्रोजन येऊन बसू शकतो. तीही मोजली, आणि नायट्रोजनच्या जागी गोंगाटापलीकडे काही नव्हतं.

आता एक्सपीएसला काय सांगता येत नाही हेही तितक्याच आवडीने लिहावंसं वाटतं. चेतापेशी वाढवणारे बरेचदा पॉलि-डी-लायसिन घेतात, आरशातली प्रतिमा, कारण पेशींची एन्झाइमं ते सहज तोडू शकत नाहीत. पेशीसाठी हा फरक जमीन-अस्मानाचा, आमच्या मशीनला शून्य, दोन्हींचे स्पेक्ट्रम एकच. जपानमध्ये खाद्यपदार्थ टिकवायला जे एप्सिलॉन-पॉलिलायसिन घालतात ते जिवाणू बनवतात, त्यात साखळी शेपटीच्या नायट्रोजनमधून जोडत जाते, रचना वेगळी, पण सहा-दोन-एक तेच आणि कार्बनचं तीन-दोन-एकही तेच. साखळी स्प्रिंगसारखी वळलीये की पसरलीये, १९६३ मध्ये मद्रासमध्ये जी. एन. रामचंद्रन आणि सहकाऱ्यांनी ज्या कोनांचा नकाशा काढला ते कोन, यातलं काहीही इथे धड कळत नाही, त्यासाठी इन्फ्रारेड स्पेक्ट्रोस्कोपीकडे जावं. क्रमही कळत नाही. शेजारी कोण एवढं कळतं, शेजाऱ्याचा शेजारी कोण हे जवळजवळ नाही.

आणि एक्स-रेने सॅम्पल बिघडतं, ते विसरून चालत नाही. कार्बन सगळ्यात आधी घेतला होता, तोच शेवटी परत घेतला, दोन्ही रेषा एकमेकांवर ठेवून बघितल्या की कळतं मोजता मोजता आपणच काही तोडलं का. यावेळी अमाइडचा खांदा तसाच होता, अमाइनच्या धन भागात मात्र किंचित घट होती, तर रिपोर्टमध्ये धन अमाइनच्या टक्केवारीपुढे "किमान" असा शब्द घातला. शिवाय ही सगळी वाळलेल्या, पोकळीतल्या साखळीची गोष्ट, ओल्या डिशमध्ये पेशीला जे भेटतं ते फुगलेलं, पाण्याने भरलेलं असतं. सॅम्पल गोठवून मोजता येतं, त्याने पाणी आणि प्रभार जास्त जसेच्या तसे राहतात, ते करून बघायची माझी फार इच्छा आहे.

तिला आता पीएच बदलून बघायचंय. साडेदहाच्या वर गेलं की अमाइनवरचे प्रोटॉन निघून जातात, साखळी द्रावणात स्प्रिंगसारखी वळून हेलिक्स होते, तेव्हा काचेवर किती बसते आणि ४०१.५ चा खांदा किती उतरतो हा तिचा प्रश्न, आणि तो चांगला प्रश्न आहे. पुढच्या स्लॉटसाठी तिला यादी दिलीये, पीएच ७ ची काच, पीएच ११ ची काच, आणि दोन्ही बफरमध्ये नुसत्या बुडवलेल्या दोन काचा, बफर नायट्रोजन नसलेलं घे, नायट्रोजनवालं ट्रिस घेऊ नकोस म्हणून वेगळं सांगितलंय, आणि सिलिकॉनवरचा जाड थर परत एकदा नवीन बाटलीतून.